डबी नंबर एकोणसाठ

खनिजांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे,
सव्वीस वर्षं. हुद्दा : प्रयोगशाळा परिचर.
डबी नंबर एकोणसाठ मी सगळ्यांत शेवटी उघडतो
आणि सगळ्यांत आधी मिटतो.
मुल्लाणी मॅडम पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या,
पोपटराव, याला उजेड सोसत नाही,
उघडा राहिला की लाली काळवंडते.

क्यूप्राइट.
खेतडीहून आलेला, सुपारीएवढा,
पण तळहातावर घेतला की हात खाली जातो,
पाण्याच्या सहापट जड.
वरून बघाल तर शिशासारखा करडा, गप्प.
जिथं कड पातळ आहे तिथं मागून बॅटरी धरा :
आत आटपाडीच्या डाळिंबाचा दाणा.

चाकूनं ओरखडतो, नखानं नाही.
पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर घासला
तर विटकरी रेघ.
तांब्याचे दोन अणू, प्राणवायूचा एक,
वजनात शंभराला एकोणनव्वद भाग तांबं,
बाकीचा वारा.
मॅडम फळ्यावर लिहायच्या,
मी मागं स्पिरिटचे दिवे भरत असायचो,
तेवढ्यात जे कानावर पडलं ते माझं.

सापडतो कुठं?
तांब्याच्या गंधकी शिरेच्या वरच्या अंगाला,
जिथवर पाणी आणि हवा झिरपत जाते.
कधी अंगाला हिरवा मॅलाकाइट चिकटलेला,
कधी पोटात अस्सल तांब्याची तार.

आणि आपल्याकडं?
दरवर्षी एक मुलगी विचारतेच.
मॅडम खिडकीतून आगाशिवाकडं बोट करतात.
हा सगळा लाव्हा. पोकळ्यांत स्टिल्बाइट मिळेल,
अपोफिलाइट मिळेल, काचेसारखा, देखणा.
हा मात्र नाही.

आमचे अण्णा तांबट. चौथी पास.
नदीतलं, आडातलं जुनं भांडं आलं
की चिंच लावायच्या आधी
कानशीनं नखाएवढं खरवडायचे.
आधी हिरवं यायचं.
मग तांबडं.
तिथं थांबायचे.
म्हणायचे, ही आतली साल. हिला दुखवू नगंस.
हिच्यामुळं आतलं तांबं टिकलंय.
गिऱ्हाइकाला मात्र लखलखीत पाहिजे असायचं,
मग अण्णा साल काढायचे,
आणि त्या दिवशी जेवताना बोलायचे नाहीत.

गेल्या वैशाखात कोयना उतरली
आणि संगमाच्या अलीकडं गाळात
माझ्या टाचेला काहीतरी लागलं :
तपेल्याचा काठ, चार बोटं रुंद.
कुणाचं, कधीचं, देव जाणे.
रुमालात बांधून प्रयोगशाळेत आणला.
मॅडमनी कड घासली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली,
बराच वेळ मान वर केली नाही.
म्हणाल्या, आहे.
मग चष्मा पुसत म्हणाल्या,
पण नियमानं नाही, पोपटराव.
माणसानं केलेलं खनिजात धरत नाहीत.

मी म्हणालो,
तपेलं माणसानं केलं, मॅडम.
साल नदीनं केली.

त्यावर त्या काही बोलल्या नाहीत.
ड्रॉवरमधून एक रिकामी डबी काढली,
आत कापूस घातला.
एकोणसाठ-अ. ठिकाण : कराड, कोयनेचा गाळ.
पेन्सिलीनं लिहिलं,
पुढं एक प्रश्नचिन्ह,
तेही पेन्सिलीचंच.

मार्चच्या प्रात्यक्षिकात
ओगलेवाडीच्या एका पोरानं आढळच्या रकान्यात लिहिलं :
राजस्थान, झारखंड, कराड.
बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कराडला गोल केला,
मॅडमकडं पाहिलं.
मॅडम पंख्याकडं बघत होत्या.
मी फरशीचे तुकडे गोळा करत होतो.

अर्धा मार्क दिला.

दोन्ही डब्या मिटल्या, कपाट लावलं.
अंगठ्याला विटकरी लागलं होतं,
डबा खायच्या आधी
साबणानं धुतलं.